अंगठी मुळात नव्हतीच: पुराणकथा नव्याने सांगण्यामागची परंपरा

पुराणकथेवर काही लिहायला घेतलं की पहिली शंका येते ती हीच: इतक्यांदा सांगून झालेल्या गोष्टीत आता आपण नवीन काय सांगणार? ही शंका कालिदासालाही आली असेल. महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथला दुष्यंत मुलाला घेऊन दरबारात आलेल्या शकुंतलेला चांगला ओळखतो आणि तरी ओळख नाकारतो. ती त्याला खडे बोल सुनावते, मग आकाशवाणी होते. त्यावर राजा म्हणतो, मला सगळं ठाऊक होतं, पण लोकांच्या मनात किंतू राहू नये म्हणून असं वागलो. हा खुलासा आज कुणाच्या गळी उतरणार नाही, कालिदासाच्याही उतरला नसावा. त्याने शाप आणला, अंगठी आणली, ती माशाच्या पोटात घातली आणि राजाला दोषातून सोडवलं. या सौद्यात भर दरबारात राजाशी वाद घालणारी मूळची शकुंतला मात्र बरीच मवाळ झाली.

भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या संस्कृत नाटकाची कळ वेगळी आहे. तिथे घटना तीच, फक्त आपण उभे असतो दुर्योधनाच्या बाजूला. मांड्या मोडून पडलेल्या बापाच्या मांडीवर बसायला त्याचा लहान मुलगा धावतो आणि बापाला त्याला अडवावं लागतं. भीमाच्या प्रतिज्ञेवर इतका वेळ खूश असलेला प्रेक्षक इथे अवघडतो.

जैन कवी विमलसूरीने तर महाराष्ट्री प्राकृतात रामकथाच उलटीपालटी केली. त्याच्या ‘पउमचरिय’मधले वानर हे ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर, म्हणजे अद्भुत विद्या अवगत असलेली माणसं आहेत. रावणाची दहा तोंडं म्हणजे गळ्यातल्या हाराच्या रत्नांत उमटलेली त्याच्याच चेहऱ्याची प्रतिबिंबं. त्याला मारतो तो राम नव्हे, लक्ष्मण. ‘असं कसं शक्य आहे?’ या संशयातून एक अख्खं काव्य उभं राहिलं!

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात इलेक्ट्रा केसांची बट आणि पाऊलखुणा पाहून भाऊ आल्याचं ताडते. पुढे युरिपिडीसने याच प्रसंगाची खिल्ली उडवली. त्याची इलेक्ट्रा विचारते की भावाचं आणि बहिणीचं पाऊल एकाच मापाचं कसं असेल?

मराठीत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ आणलं तेव्हा कीचकात लोकांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कथानक ओळखीचं होतं, म्हणूनच इशारा कळायला वेळ लागला नाही.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ययातीचं. पूरू बापाचं म्हातारपण स्वतःवर घेतो, तेव्हा घरातल्या इतरांचं काय झालं? वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या तोंडून बोलू दिलं. जवळपास त्याच सुमारास गिरीश कर्नाड कन्नडमध्ये ‘ययाति’ लिहीत होते. त्यांनी पूरूला चित्रलेखा नावाची बायको दिली. माझ्या नवऱ्याचं तारुण्य घेतलंत, तर त्याबरोबर येणारं सगळंच स्वीकारा, असं ती सासऱ्याला ऐकवते आणि त्याच्यापाशी उत्तर नसतं. कथा एकच, पण दोघांनी तिच्यातली वेगवेगळी फट हेरली.

अशा फटी शोधणाऱ्यांसाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने मोठंच काम करून ठेवलं आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं एकमेकांशी ताडून ठरवलेला पाठ, १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. गणपती महाभारताचा लेखनिक झाला, ही गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणते, तेही नाही. म्हणजे आपण ‘मूळ’ समजतो त्यातलं बरंचसं नंतरच्या कथेकऱ्यांनी रचलेलं आहे. संपादकांनी वगळलेला मजकूर टाकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो छापला आहे आणि तो कोणकोणत्या हस्तलिखितांत सापडतो, याचीही नोंद सोबत आहे.