मूळ स्वराला गप्प करण्याच्या तऱ्हा

हौशी वादकाला आयुष्यभर एक सल्ला ऐकावा लागतो: एकच वाद्य धर आणि त्यातच मुर. मैफलीत बसायचं असेल तर सल्ला रास्तच आहे. पण नुसत्या आनंदासाठी वाजवणारा, आज बासरी तर उद्या गिटार आणि परवा तबला हाती घेणारा माणूस असतो, त्याच्या पदरात एक वेगळं ज्ञान पडतं. मी त्याच जातकुळीतला आहे. या फिरस्तीत वेळ वाया जातो असं मला कधीच वाटलं नाही, आणि त्याचं कारण ध्वनिशास्त्रात आहे.

गिटारच्या बाराव्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडून बोट लगेच उचला. मूळ स्वर येतच नाही. त्याच्याऐवजी बरोबर एक सप्तक वरचा, पातळ आणि लख्ख स्वर येतो. छेडलेली तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलत असते: पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, असं पुढेपुढे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर येतो. पूर्ण लांबीच्या कंपनात हाच बिंदू सर्वांत जास्त हलतो, म्हणून बोट टेकताच ते कंपन मरतं. दोन भागांतल्या कंपनात हा बिंदू मुळातच स्थिर असतो, त्यामुळे त्याला बोटाचा उपद्रव होत नाही. ते टिकतं आणि तेच ऐकू येतं.

आता तबल्यावर ‘ना’ हा बोल वाजवून पाहा. तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्ट्यावर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या वर्तुळाच्या) कडेला हलकेच टेकलेली असते. शिकवताना एवढंच सांगतात की अनामिका उचलू नकोस, बोल बिघडेल. बोल का बिघडतो? संपूर्ण पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, एकत्र वरखाली होते ते तिचं मूळ कंपन. टेकलेली अनामिका ते दाबून टाकते. मग पुडी दोन अर्ध्यांत हलते. एक अर्ध वर असताना दुसरं खाली, आणि मधली स्थिर रेघ त्या बोटाखालून जाते. ‘तूं’ वाजवताना बोट शाईवर मारून लगेच सुटतं, दुसरं कोणतंही बोट टेकलेलं नसतं, म्हणून तिथे मूळ कंपन मोकळेपणी बोलतं. तबल्याची अनामिका आणि गिटारच्या बाराव्या पडद्यावरचं बोट एकच काम करतात.

तबल्याची खरी करामत त्याच्याही आधी शाईत आहे. साध्या ताणलेल्या कातड्याची वरची कंपनं मूळ कंपनाच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडवळणी पटींत येतात. कानाला त्यांची संगती लागत नाही, म्हणून साध्या ढोलाला ठोका असतो पण ठाम स्वर नसतो. मधोमध शाईचं वजन चढवलं की या पटी सरकून जवळजवळ पूर्णांकांवर येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये तपशिलात दाखवलं की पहिली नऊ कंपनं मिळून पाच सुसंवादी स्वर घडवतात. समीकरण हाताशी नसताना, केवळ कान आणि हात वापरून कारागिरांनी हे साधलं होतं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

फुंकवाद्यांत हीच गोष्ट आणखी बहारीची होते. बासरी दोन्हीकडे उघडी नळी. ओठ आवळून फुंक वेगवान केली की मूळ स्वर मागे पडतो आणि त्याच बोटांवर एक सप्तक वरचा स्वर उमटतो. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याखालची एक चावी दाबली की नळीच्या वरच्या भागात बारीक भोक उघडतं आणि मूळ कंपन विस्कटतं. पण तिथे एक सप्तक वरचा स्वर येत नाही! क्लॅरिनेट तोंडाकडच्या, म्हणजे फुंकेने थरथरणाऱ्या पातळ पत्तीकडच्या टोकाला बंद नळीसारखं वागतं. अशा नळीला मूळ कंपनाच्या विषम पटीच मानवतात: तिप्पट, पाचपट. दुप्पट तिला घेताच येत नाही. म्हणून मध्य सप्तकातल्या ‘सा’च्या बोटांवर चावी दाबली की थेट तार सप्तकातला पंचम येतो. सॅक्सोफोनलाही पत्तीच असते, पण त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, आणि शंकूला दुप्पट चालते. सॅक्सोफोनकडून क्लॅरिनेटकडे वळलेल्या माणसाची बोटं वरच्या सप्तकात का अडखळतात, याचं उत्तर नळीच्या भूमितीत आहे.

एकाच वाद्यावर राहिलेल्याला मूळ स्वर गप्प करण्याची ही युक्ती हाताची सवय म्हणून माहीत असते. तीनचार वाद्यं हाताळणाऱ्याला या सवयींच्या मागे असलेला एकच नियम दिसू लागतो, आणि तोही बोटांमधून, ओठांमधून. माझ्या लेखी हौशी वादनाचा सर्वांत मोठा आनंद हा आहे.

या साऱ्यात मेंदूचं काय होतं? १९९५ मध्ये संशोधक एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं दाखवलं. ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात फरक जास्त होता. हौशी मंडळींनी लक्षात ठेवावा असा अभ्यास मात्र २००३चा, गाझर आणि श्लाउग यांचा. त्यांनी व्यावसायिक वादक, हौशी वादक आणि न वाजवणारे अशा तिघांची तुलना केली. हालचाल, श्रवण आणि अवकाशाचं भान सांभाळणाऱ्या काही भागांत करडं द्रव्य व्यावसायिकांत सर्वाधिक, न वाजवणाऱ्यांत सर्वांत कमी, आणि हौशी बरोबर मध्ये. वादनाने मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच वादनाकडे वळले, हे अशा एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही. पण हौशीचा सराव मेंदूच्या हिशेबात शून्य धरावा, असं म्हणायला तरी जागा उरत नाही.

त्याच वर्षी बँगर्ट आणि आल्टेनम्यूलर यांना नवशिक्यांत पियानोच्या पहिल्याच २० मिनिटांच्या सरावानंतर कान आणि हात यांच्यातल्या दुव्याच्या खुणा दिसल्या. कोणत्याही कौशल्यात सुरुवातीची प्रगती सर्वांत झपाट्याची असते, पुढे ती मंदावते. नवं वाद्य हाती घेणारा ही चढती वाट पुन्हा चालतो, आणि या वेळी कान आधीच तयार असतो. सूर कुठे लागायला हवा हे त्याला ठाऊक असतं, हाताला फक्त तिथे पोचायचं असतं.

सगळं काही एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जात नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेंडोलिन आणि व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीत एकाच स्वरांना जुळवतात, तेव्हा डाव्या हाताला स्वरांच्या जागा आयत्या मिळतात. उजव्या हाताला मात्र काहीच मिळत नाही. व्हायोलिनचा गज (तारेवर घासायची काठी) तारेला चिकटून ओढतो, तार निसटते, पुन्हा चिकटते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. दाब कमी पडला तर तार नुसती कुजबुजते, जास्त झाला तर खरखरते, आणि घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) जवळ जावं तसा जास्त दाब लागतो. ही समज नखीने तार छेडून येत नाही, गज हाती घेऊनच येते.

म्हणून दुसरं वाद्य कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी पहिल्यापेक्षा शक्य तितकं वेगळं सुचवतो. पेटीत स्वराची उंची पत्तीने आधीच ठरवून टाकलेली असते. बोट चुकीची पट्टी दाबेल, पण पट्टीच्या आत स्वर हलवता येत नाही. अशा वादकाने बिनपडद्यांचं व्हायोलिन घ्यावं. तिथे एकेक स्वर कानाने शोधावा लागतो, आणि तारेवर एक सप्तक वर गेलं की दोन स्वरांमधलं अंतर निम्मं होतं, त्यामुळे बोटांना पुन्हा नव्याने मोजमाप शिकावं लागतं.