शोकोनोस्त्ले: हंडीतून पाकिटात

मेक्सिकोत तेओतिवाकानच्या पिरॅमिडांलगतच्या सान मार्तीन दे लास पिरामिदेस भागात आज शोकोनोस्त्लेचा, म्हणजे निवडुंगाच्या आंबट बोंडाचा, मुरंबा, सॉस, लिकर आणि मिरची लावून सुकवलेल्या फोडी मिळतात. हा सगळा खाऊ पुष्कळदा ‘प्राचीन’ म्हणून सांगितला जातो. फळ प्राचीन आहे यात शंका नाही, पण खाऊ बराच अलीकडचा आहे.

आधी नावाचा गुंता, कारण बाकीचे घोळ तिथूनच सुरू होतात. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘शोकोक’ म्हणजे आंबट आणि ‘नोच्त्ली’ म्हणजे निवडुंगाचं बोंड. १३२५ मध्ये वसलेल्या त्यांच्या राजधानीच्या, तेनोच्तित्लानच्या, नावातही हेच नोच्त्ली आहे. स्पॅनिश लोक मात्र कॅरिबियन बेटांवर ऐकलेला ‘तुना’ हा शब्द सोबत घेऊन आले आणि गोड बोंडाला तोच चिकटला. मूळ शब्द तगला तो आंबट बोंडाच्या नावात. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये ‘श’चा उच्चार ‘एक्स’ अक्षराने लिहीत. पुढे त्या अक्षराचा उच्चार घशाकडे सरकला, १८१५ च्या लेखनसुधारणेत त्या जागी ‘जे’ आलं, आणि ‘होकोनोस्त्ले’ हे दुसरं रूप तयार झालं. चियापासमधला कोकोसाठी नावाजलेला सोकोनुस्को प्रांतही याच फळाच्या नावावरून ओळखला जातो. तिथे ‘श’चा ‘स’ झाला.

१९२८ मध्ये एका जातीच्या शास्त्रीय नावात ‘जे’वालं रूप बसलं. तो निर्णय मला घाईचा वाटतो. त्यामुळे शोकोनोस्त्ले म्हणजे एकच वनस्पती असा समज झाला. प्रत्यक्षात २००९ च्या एका वनस्पतिशास्त्रीय ग्रंथात अशी फळं देणाऱ्या दहा जाती नोंदवल्या आहेत, आणि त्यांतली एक तर ओपंशिया या फड्या निवडुंगाच्या प्रजातीतलीही नाही. शेतकरी मात्र ‘क्वारेस्मेन्यो’, ‘उलापा’ अशी स्वतःची नावं वापरतात. खरी व्याख्या स्वयंपाकघरातलीच आहे. गोड तुनाचा गर बियांसकट खातात आणि साल टाकतात, इथे उलट. जाड, आंबट भिंत खायची आणि मधला बियांचा चिकट गोळा एका झटक्यात काढून टाकायचा. हे फळ पिकल्यावरही महिनोन्‌महिने झाडावर टिकतं, म्हणजे ते कच्चं तुना नव्हे.

जुना वापर हंडीतला. ‘मोले दे ओया’ या गोमांस, मक्याची कणसं आणि सुक्या मिरच्यांच्या रश्श्यात ते आपल्या आमसुलाचं काम करतं. तव्यावर भाजून मिरचीसोबत वाटलं की सालसा होतो.

मिठाईचं गणित वेगळं. गोड तुनाचा रस नुसता आटवूनही वडी पडते; सान लुईस पोतोसीचं ‘केसो दे तुना’ तसंच बनतं. शोकोनोस्त्लेत साखर थोडी आणि पीएच तीनच्या आसपास, म्हणून त्याला बाहेरची साखर लागते. ऊस मेक्सिकोत आला तोच स्पॅनिशांबरोबर. त्यामुळे साखरेच्या पाकातलं शोकोनोस्त्ले स्पॅनिशपूर्व असूच शकत नाही. सोललेली, बिया काढलेली फळं चुन्याच्या निवळीत ठेवायची, मग पाक थोडाथोडा घट्ट करत मुरवायची आणि सुकवायची: आपल्याकडे पेठा करणाऱ्याला ही रीत लगेच ओळखू येईल. चामोय ही तिखट-आंबट चटणी लावलेल्या फोडी त्याही नंतरच्या.

पूर्वी शेताच्या कुंपणाला किंवा परसात असणारं हे झाड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळीने लावलं जाऊ लागलं. नाशवंत गोड तुनाचे भाव हंगामात कोसळतात, तेव्हा टिकाऊ आंबट फळ आणि त्यावरची प्रक्रिया शेतकऱ्याला आधार देते. पुढे मधुमेहावर गुणकारी असल्याची ख्याती पसरली आणि मागणीला जोर आला. तीच ख्याती सांगून साखरेत मुरवलेल्या फोडी विकणं गैर आहे. सुकवून दळलेल्या पुडीत तेवढी साखर नसते, आणि घरी नेल्यावर तीही शेवटी रश्श्यातच पडते.