सोसायटीतलं झाड छाटायचंय की तोडायचंय? मुंबईत परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

मुंबईत सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी कापायची असली तरी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एवढं आता बहुतेक कमिट्यांना ठाऊक आहे. तरी दरवर्षी अर्ज परत येतात आणि परत येण्याची कारणं फारशी बदलत नाहीत. मागणी चुकीची केलेली असते, जमिनीचा कागद नसतो, नाहीतर पाऊस दारात आल्यावर अर्ज दिलेला असतो. आमच्या भागातल्या सोसायट्यांना असे अर्ज मी बरीच वर्षं लिहून देते आहे. त्यामुळे सोप्या गोष्टी इथे थोडक्यात सांगते आणि जिथे लोक अडकतात तिथे जरा जास्त थांबते.

कायदा आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. 'जमीन आमची, झाड आमच्या सभासदांनी लावलेलं, मग परवानगी कसली?' हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत निघतो. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे: जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या (कायद्याने नेमलेल्या, झाडांचे निर्णय घेणाऱ्या समितीच्या) पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आणि 'तोडणे' या शब्दात झाड जाळणं, कापणं किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. बुंध्यात ॲसिड ओतणं, मुळाशी गरम डांबर टाकणं, साल सोलून झाड वाळू देणं, हे सगळं या व्याख्येत बसतं. शिक्षेत दंडही आहे आणि कैदही. महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत शहरात २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत होती. म्हणजे या शहराची बहुतेक सावली सोसायट्यांच्या कंपाउंडमध्येच उभी आहे. कायदा कडक आहे तो त्यामुळे, आणि तो तसाच असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आधी ठरवा: छाटणी की तोड?

सर्वांत जास्त अर्ज इथे फसतात. लोकांना हवी असते छाटणी आणि अर्जात लिहितात 'सदर झाड काढून टाकावे'. पहिल्या मजल्यावर अंधार पडतो, गाड्यांवर पक्ष्यांची घाण पडते, पानांचा कचरा होतो, मुलं कैऱ्यांवर दगड मारतात. या तक्रारी खऱ्या असतील, पण यांतली एकही झाड तोडायला पुरेशी नाही. मेलेलं किंवा रोगानं पोखरलेलं झाड, वाऱ्यानं पडलेलं झाड, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड, रहदारीला अडथळा करणारं झाड, अशी कारणं कायद्याला मान्य आहेत. तुमचं कारण यांत बसत नसेल तर तोडीचा अर्ज करू नका. नकार तर येतोच, वर त्याच झाडाच्या छाटणीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

छाटणीच्या अर्जात 'संतुलित छाटणी' असे शब्द लिहा आणि नेमक्या कोणत्या फांद्या ते सांगा. 'बी विंगच्या बाजूने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकलेली वाळकी फांदी', 'रस्त्याच्या बाजूला विजेच्या तारेवर झुकलेल्या दोन फांद्या' असं. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल जातो आणि पुढच्या पावसात तेच झाड धोकादायक ठरतं. माळी 'सगळं वरून साफ करू' म्हणाला तरी ऐकू नका.

नारळासाठी परवानगी लागत नाही असा एक गैरसमज पक्का बसला आहे. नारळ तोडायलाही परवानगी लागतेच. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून एका महिलेचा जीव गेला. ते झाड तोडण्यासाठी आधी अर्ज झाला होता आणि परवानगी मिळाली नव्हती. वरून हिरवं दिसणारं झाड आतून पोकळ असू शकतं, म्हणून धोक्याचं कारण देत असाल तर नुसतं 'धोकादायक' लिहून थांबू नका. बुंध्यातली ढोली, खोडावर उगवलेल्या अळंब्या, एका बाजूने उचलली गेलेली जमीन, पूर्वीपेक्षा वाढलेला कल, हे सगळं शब्दांत लिहा आणि फोटोत दाखवा. पर्जन्यवृक्ष असेल तर पांढऱ्या पिठ्या ढेकणाची लागण आहे का तेही पाहा. त्या किडीने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले. भिंतीला तडा गेला म्हणून झाड नको असेल तर तडा झाडामुळेच गेला असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडा. त्याशिवाय त्या मुद्द्याला वजन येत नाही.

जमिनीचा कागद: जो बहुतेकांकडे नसतो

अर्ज कोण करू शकतो? जमिनीचा मालक किंवा कायदेशीर ताबेदार. म्हणजे सोसायटी. एकट्या फ्लॅटधारकाचा अर्ज, झाड अगदी त्याच्या खिडकीत घुसलेलं असलं तरी, सोसायटीच्या पत्राशिवाय पुढे सरकत नाही. लेटरहेडवर अर्ज, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कमिटीच्या ठरावाची प्रत, एवढं तर लागतंच. ठरावात झाडाचं नाव आणि ठिकाण असू द्या. 'आवारातील झाडांबाबत योग्य ती कार्यवाही करावी' असल्या मोघम ठरावावर उद्या एखादा सभासद हरकत घेतो आणि सगळं पुन्हा मुळापासून सुरू होतं.

अडचण येते मिळकत पत्रिकेची, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो त्याची. मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांचं कन्व्हेयन्स (अभिहस्तांतरण), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलंच नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव आहे आणि तो माणूस हयात तरी आहे का हे कोणाला माहीत नसतं. मालकीचा पुरावा मागणाऱ्या यंत्रणेला ही स्थिती पुरेपूर ठाऊक आहे. तरीही अशा सोसायट्यांनी नेमकं काय जोडावं याची साधी छापील यादी प्रत्येक टेबलावर असू नये, याचा मला राग येतो. झाड पडलं तर जबाबदारी सोसायटीची, मग अर्ज करताना सोसायटी परकी कशी?

अशा वेळी ताबा दाखवणारे जितके कागद आहेत तितके एकत्र लावा: नोंदणी प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावाची मालमत्ता कराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते, आणि बिल्डरच्या नावाचं का होईना पण नगर भूमापन क्रमांक दाखवणारं प्रॉपर्टी कार्ड. सोबत एक पत्र द्या की अभिहस्तांतरण बाकी आहे, जागेचा ताबा आणि देखभाल सोसायटीकडे आहे. छाटणीच्या अर्जांना इतक्यावर वाट मिळालेली मी पाहिली आहे. तोडीच्या अर्जाला मात्र मालकाची संमती मागितली जाण्याची तयारी ठेवा. मानीव अभिहस्तांतरणाचं, म्हणजे बिल्डरच्या सहकार्याशिवाय जमीन नावावर करून घेण्याचं (डीम्ड कन्व्हेयन्स) काम रेंगाळत ठेवलं असेल तर ते पुढे ढकलू नका. आज झाडासाठी अडलात, उद्या पुनर्विकासासाठी अडाल.

पागडीच्या, म्हणजे घरमालक आणि जुने भाडेकरू असलेल्या इमारतीत अर्ज घरमालकाचा हवा किंवा त्याची लेखी संमती हवी. म्हाडा वसाहतीत इमारत सोसायटीची असते पण दोन इमारतींमधली मोकळी जागा बहुधा म्हाडाची, त्यामुळे झाड नेमकं कोणाच्या जमिनीवर आहे ते आराखड्यात आधी पाहा. फुटपाथवरच्या झाडाला तर अर्जच लागत नाही. ते महापालिकेचं, तिथे १९१६ या पालिकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची आणि क्रमांक जपून ठेवायचा. बुंधा शेजारच्या सोसायटीत आणि फांद्या तुमच्याकडे असतील तर अर्ज शेजाऱ्यांनी करायचा. तुमच्याकडे आलेल्या फांद्या तुम्ही आपणहून कापायच्या, हे चालत नाही. दोन्ही सेक्रेटरींनी एका पत्रावर सह्या केल्या तर पाहणी एकदाच होते आणि भांडणही टळतं.

नकाशा

अर्जासोबत झाडाचं वर्णन आणि जागेचा नकाशा द्यावा असं कायद्यातच लिहिलं आहे. मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट म्हणजे हा नकाशा नव्हे. इमारतीची बाह्यरेषा, कंपाउंड वॉल, गेट, रस्ता आणि झाडांना क्रमांक, असा स्वच्छ आराखडा काढा. भिंतीपासून झाडाचं अंतर टेपने मोजून लिहा. तेच क्रमांक फोटोंच्या मागे आणि अर्जात आले पाहिजेत. अर्जात तीन झाडं, नकाशात चार आणि फोटो दोन, अशी कागदपत्रं इतकी येतात की वाईट वाटतं. परत येणारी अर्धी पत्रं एवढ्या एका गोष्टीने वाचतील. पुनर्विकासाचा प्रस्ताव असेल तर हे काम आर्किटेक्टचं. तिथे प्रत्येक झाडाचं नाव, घेर, ठेवणार की हलवणार की तोडणार, याचा पूर्ण तक्ता लागतो.

बाकीचं सरळ आहे. अर्ज आपल्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात द्यायचा, पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर सेक्रेटरीने हजर राहायचं, ठरलेलं शुल्क भरायचं.

साठ दिवस आणि पंधरा दिवस

या दोन मुदतींचा लोक हमखास गोंधळ करतात. अर्जावर साधारणपणे साठ दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. हे साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजायचे, तुम्ही पत्रावर घातलेल्या तारखेपासून नव्हे. म्हणून तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणून ठेवलेल्या अर्जाला कसलीही तारीख नसते. साठ दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा, असा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. हात जोडून सांगते, त्या भरवशावर करवत चालवू नका. पोलिसात तक्रार झाली की सोसायटीच्या बाजूने दाखवायला हातात एकही कागद नसतो. त्याऐवजी स्मरणपत्र द्या, आणि तेही पोच घेऊन. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारा. तिथे तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

पंधरा दिवस वेगळे. तोडीची परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. कोणाला हरकत असेल तर त्याला दाद मागता यावी म्हणून ही सवड ठेवलेली आहे. झाडावर आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते तीही याचसाठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं तोडली गेली, तेव्हा वादाचा एक मुद्दा हेच पंधरा दिवस होते. तुमच्या आवारातल्या झाडावर नोटीस लागली आणि शेजारच्या कोणी हरकत घेतली तर चिडू नका. तो त्यांचा हक्क आहे.

आता हिशोब करा. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो. १५ मार्चला दिलेल्या अर्जाचे साठ दिवस १४ मेला भरतात, त्यावर पंधरा दिवस म्हणजे २९ मे. कागद एकदाही परत आला नाही तरच हे जमतं. त्यामुळे तोडीचा अर्ज जानेवारीत गेला पाहिजे आणि छाटणीचा फार तर फेब्रुवारीत. मे महिन्यात सगळी मुंबई एकाच वेळी त्याच टेबलापुढे उभी असते आणि पाहणीला जाणारी माणसं तेवढीच असतात.

उशिरा छाटणी करण्यात आणखी एक धोका आहे. पावसाच्या तोंडावर बगळे, ढोकरी, पाणकावळे झाडांवर घरटी करतात. पालिकेचं पत्र हातात असलं तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं शिकारीत मोडतं. छाटणीच्या दिवशी सकाळी झाड खालून नीट पाहा. घरटं दिसलं तर ती फांदी सोडा आणि पिल्लं उडेपर्यंत थांबा.

झाड खरोखरच आत्ता पडेल अशी स्थिती असेल तर या सगळ्या मुदतींची वाट पाहायची नाही. १९१६ वर कळवा, झाड पडलंच तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, खालची जागा दोरी बांधून मोकळी करा आणि त्याच दिवशी लेखी पत्रही द्या.

झाडाच्या वयाइतकी झाडं

२०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती अनेक कमिट्यांच्या गावीही नाही. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. चाळीस वर्षांचा गुलमोहर गेला तर चाळीस झाडं. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (नेमक्या जागेची डिजिटल नोंद) व्हायला हवं आणि सात वर्षं निगा राखायला हवी. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं आणि त्याच्या तोडीचा विचार आणखी कडक कसोटीवर होतो. त्यामुळे अर्जात झाडाचं वय अंदाजाने ठोकून देऊ नका. 'सुमारे साठ वर्षे' असं सहज लिहून गेलेल्या सोसायटीला मग एवढी रोपं लावायची कुठे हा प्रश्न पडतो. इमारत कधी बांधली, झाड कोणी लावलं, जुने फोटो आहेत का, हे ज्येष्ठ सभासदांना विचारून खरं तेच वय लिहा.

बिल्डरकडून पुनर्विकास होत असेल तर परवानगीच्या अटी स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका. तोडायच्या, हलवायच्या आणि ठेवायच्या झाडांची यादी गेटवर लावा. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने ठेवायचं झाड पाडलं तर पहिली विचारणा सोसायटीलाच होते.

अनामत रक्कम भरली असेल तर तिची पावती, नव्या झाडांचे तारखेसह फोटो आणि जागेचे तपशील एका फाइलमध्ये ठेवा. सात वर्षांत कमिटी बदलते आणि नव्या सेक्रेटरीला या अटीचा पत्ताच नसतो, म्हणून पदभार देताना सोपवायच्या कागदांच्या यादीत ही फाइल नावाने लिहा. एखादं रोप वाळलं तर त्याच पावसात दुसरं लावून त्याचाही फोटो फाइलला लावा, आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक न बसवता किमान मीटरभर माती उघडी ठेवा.