सागाच्या अळीच्या पोटात राहतं कोण?

पहिल्या पावसांनी सागाला कोवळी पालवी फुटते आणि मागोमाग अळी येते. कालपर्यंत हिरवागार असलेला सागाचा पट्टा आठ-दहा दिवसांत उघडाबोडका होतो. खाली लेंड्यांचा सडा पडतो, आणि अळ्या धाग्याला लोंबकळत रस्त्यावर, पागोळ्यांखाली, कुणाच्या छत्रीवरही उतरतात. ही हायब्लिया प्युएरा. पावसाळा सरता सरता येते ती वेगळी, तिचं नाव युटेक्टोना. ती शिरांना हात लावत नाही, मधला हिरवा गर तेवढा खाते आणि पानाची जाळी करून ठेवते. साग सहसा मरत नाही, पुन्हा फुटतो. पण केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या लागवडीत मोजमाप केलं, तेव्हा हायब्लियामुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडते असं दिसलं.

इतकं पान ही अळी पचवते कशी? हल्ली पोटातल्या जिवाणूंचं कौतुक इतकं चाललंय की उत्तर तोंडावरच असतं: जिवाणू मदत करत असतील. गाईगुरांचं तसंच असतं. वाळवीचंही असतं, आपल्याकडची वारुळं बांधणारी वाळवी तर आत बुरशीची चक्क शेती करते. मग अळीचंही तसंच असणार, नाही का?

तिची एक लेंडी उचलून बशीतल्या पाण्यात टाका. थोड्या वेळात ती फुगून सुटी होते. साध्या भिंगातूनही दिसतं की आत पानाचेच तुकडे आहेत, कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ, काही तर अजून हिरवे. म्हणजे पानाच्या पेशींच्या भिंती, त्यांतलं सेल्युलोज, जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडलंय. अळी पान पचवत नाही. ते बारीक कातरते, त्यातला रस, साखर, प्रथिनं काढून घेते आणि चोथा टाकते. म्हणूनच तिला दिवसरात्र खावं लागतं. चोथा कुजवून त्यातून साखर काढायची तर अन्न पोटात बराच वेळ ठेवायला हवं आणि जिवाणूंना निवांत जागा हवी. अळीकडे दोन्ही नाही. पान तोंडातून शिरल्यापासून काही तासांत बाहेर येतं.

शिवाय आतलं वातावरण भयंकर आहे. आपल्या जठरात आम्ल असतं, अळीच्या मधल्या आतड्यात नेमकं उलट. तिथला पीएच (आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) १० ते १२ पर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ चुन्याची निवळीच. आतड्याच्या खास पेशी सतत पोटॅशियम आत ढकलून हा अल्कधर्म टिकवतात. एवढा खटाटोप कशासाठी, याचं एक कारण पानातलं टॅनिन हे तुरट द्रव्य. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं (कातडी कमावतात ती याच गुणावर), पण इतक्या अल्कधर्मी पाण्यात ती पकड सुटते. आता अशा जागी कुठला जिवाणू घर करणार? त्यात प्रत्येक कात टाकताना आतड्याच्या पुढच्या-मागच्या भागांचं अस्तरही जातं, आणि कोषात शिरण्यापूर्वी अळी पोट पार रिकामं करते.

२०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पतंग-फुलपाखरांच्या १२४ जातींच्या अळ्या तपासल्या. पोटात जिवाणू होते, पण इतर कीटकांच्या मानाने फारच थोडे, आणि तेही बहुतेक खाल्लेल्या पानावरूनच आलेले. तंबाखूवरच्या एका अळीला प्रतिजैविकं देऊन होते तेवढे जिवाणूही मारून पाहिले. अळीच्या वाढीत काही फरक पडला नाही. सगळ्या अळ्यांना हा नियम सरसकट लावू नये. काहींच्या पोटात एंटरोकोकस जातीचे जिवाणू तग धरून राहतात असंही सापडलंय. पण एकंदरीत हे वाटसरू, मुक्कामी कुणी नाही.

खरी गंमत पुढे आहे. अळीला जगायला जिवाणू लागत नसतील, पण तिच्या मरणात मात्र त्यांचा हात असू शकतो.

अळ्या मारायला फवारतात तो बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात आजारी रेशीमकिड्यांत सापडला. त्याच्या पेशीत प्रथिनाचा स्फटिक असतो. आपल्या पोटात तो निरुपद्रवी, पण अळीच्या त्या चुनाळ आतड्यात तो विरघळतो, तिथली पाचक द्रव्यं त्याला कापून जहाल करतात, आणि तो आतड्याच्या पेशींना भोकं पाडतो. ज्या अल्कधर्माने टॅनिनवर मात केली तोच इथे घात करतो. तरी प्रश्न उरतोच: अळी नक्की मरते कशाने, उपासमारीने की भोकांतून रक्तात शिरलेल्या जिवाणूंनी? २००६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी झाडांची पानं खाणाऱ्या जिप्सी पतंगाच्या अळ्यांना आधी प्रतिजैविकं दिली, तर बीटी निष्प्रभ ठरलं. पोटातला एंटरोबॅक्टर नावाचा जिवाणू परत दिला, आणि अळ्या पुन्हा मरू लागल्या. २००९ मध्ये इतरांनी वेगळ्या अळ्यांवर प्रयोग करून याला आक्षेप घेतला: प्रतिजैविकाचा अंश खुद्द बीटीलाच मारत असेल तर निष्कर्ष चुकणारच. मला हा आक्षेप वजनदार वाटतो, पण जिप्सी पतंगापुरतं पहिलं म्हणणं बाद झालं असंही नाही.

बागेत एवढं मात्र पक्कं. बीटी अळीच्या पोटात जायला हवं, अंगावर पडून उपयोग नाही. लहान अळीवर ते जास्त चालतं. ऊन त्याला निकामी करतं आणि आपला पाऊस धुऊन नेतो. अळी काही तासांत खायचं थांबवते, मरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ती पानावर दिसली म्हणून ‘औषध लागलं नाही’ म्हणत वर जहाल कीटकनाशक मारायची घाई नको. ठाण्याच्या खाडीत हीच हायब्लिया तिवरं बोडकी करते तेव्हा तर काहीच मारू नये. तिवराला पुन्हा पालवी येते, आणि लेंड्यांचं खत चिखलात जातं.

आंब्यावरच्या तुडतुड्याचा मात्र हिशेबच निराळा. तो पान चावत नाही, सोंड खुपसून मोहोराचा रस ओढतो. रसात साखर भरपूर, पण प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं तोकडी. त्यामुळे या कुळातल्या किड्यांच्या शरीरात खास पेशींत जिवाणू पाळलेले असतात, ते ही उणीव भरून काढतात आणि आईकडून अंड्यात उतरतात. हे खरे मुक्कामी. आणि बीटी तर पानाच्या वर बसलेलं असतं, सोंड त्याला न शिवता आत जाते. तुडतुड्यासाठी बीटी फवारणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच मोहोरात जाळी करून बसलेल्या अळ्या असतील तर गोष्ट वेगळी.