व्यक्तिसंवेदन

समोरच्या माणसाच्या स्वभावाविषयी, हेतूंविषयी आपले मत ज्या प्रक्रियेतून बनते तिला मानसशास्त्रात व्यक्तिसंवेदन म्हणतात. स्वभाव कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. आपल्याला चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, चार गोष्टी कानावर आलेल्या असतात. बाकीचे पाहणारा आपल्या पदरचे घालतो आणि तेही पाहिलेच आहे असे धरून चालतो. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात. भाताच्या बाबतीत ते खरे आहे, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे तसे नसते. ऑफिसात तुसडा वाटणारा माणूस घरी आजारी आईची वेणी घालत असेल, तर ते आपल्याला कसे कळणार?

या विषयाचा पाया अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी घातला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका अनोळखी माणसाचे सात गुण वाचून दाखवले : बुद्धिमान, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी ऐकवली, फक्त ‘प्रेमळ’च्या जागी ‘कोरडा’ हा शब्द होता. (मूळ इंग्रजी शब्द ऊब आणि थंडीचे आहेत, मराठीत हाच भेद आपण ओलावा आणि कोरडेपणा असा सांगतो.) पहिल्या गटातील ९१ टक्के विद्यार्थ्यांना तो माणूस उदार वाटला, दुसऱ्या गटात फक्त ८ टक्क्यांना. उदारपणाबद्दल तर यादीत चकार शब्द नव्हता. विश्वासूपणाबाबत मात्र दोन्ही गटांचे मत जवळपास सारखेच पडले. म्हणजे एका शब्दाने सगळे चित्र सरसकट रंगत नाही, काही गुण त्याच्यामागून ओढले जातात आणि काही जागेवर राहतात. गुणांचा क्रम उलटा केला तरी मत बदलते, असेही अ‍ॅश यांना आढळले. आधी चांगले ऐकले की पुढचे दोष सौम्य वाटतात.

१९५० मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड केली यांनी हेच खऱ्या वर्गात करून पाहिले. पाहुण्या व्याख्यात्याची लेखी ओळख अर्ध्या विद्यार्थ्यांना ‘प्रेमळ’ आणि अर्ध्यांना ‘कोरडा’ अशी दिली. वर्ग एक, व्याख्याता एक. नंतरच्या चर्चेत पहिल्यांपैकी ५६ टक्के बोलले, दुसऱ्यांपैकी ३२ टक्के. त्याआधी १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी, लष्करी अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी आणि नेतृत्व वेगवेगळे मोजू शकत नाहीत, एक चांगले वाटले की सगळेच चांगले देतात, हे दाखवले होते. याला वलय परिणाम म्हणतात.

मत चुकले तरी नंतर अनुभवाने सुधारेल, असा आपला भरवसा असतो. तो किती कच्चा आहे हे १९७७ च्या एका प्रयोगात दिसले. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी तरुणांना अनोळखी तरुणींशी फोनवर बोलायला लावले. आधी प्रत्येकाला एक फोटो दिला, कोणाला सुंदर मुलीचा, कोणाला साधारण दिसणाऱ्या मुलीचा. फोटो पलीकडच्या मुलीचा नव्हताच आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. नंतर फक्त मुलींचेच बोलणे तिऱ्हाइतांना ऐकवले, तेव्हा ज्यांना सुंदर समजून बोलले गेले होते त्या मुली त्यांना अधिक मोकळ्या आणि लाघवी वाटल्या. तरुणांनी मनात धरलेले समोरच्या आवाजात खरोखर उतरले होते. या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मला हाच वाटतो : आपल्या मताला मिळणारा पुरावा कधी कधी आपणच घडवलेला असतो.

दुसऱ्याच्या वागण्याचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावावर ढकलण्याच्या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण-दोष’ असे नाव दिले. ही सवय सगळीकडे सारखी नाही. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांची तुलना केली (१९८४). त्यांच्या अभ्यासातला एक प्रसंग असा : मोटारसायकलच्या अपघातात मागे बसलेला जखमी होतो; चालवणारा वकील त्याला रुग्णालयात पोहोचवून कोर्टात निघून जातो आणि जखमी दगावतो. अमेरिकनांना वकील बेजबाबदार वाटला. म्हैसूरकरांनी त्याचे कोर्टातले कर्तव्य आणि त्या वेळची त्याची गोंधळलेली अवस्था पुढे केली. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. पाहण्याची रीत मुले मोठ्यांकडून शिकतात, असा याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्रात असे झटपट मत बनण्याचे रोजचे उदाहरण बोलीचे आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले, ‘जाऊन राहिलो’ म्हटले, की ऐकणारा बोलणाऱ्याचे शिक्षण ठरवून मोकळा होतो. ‘न’चा उच्चार आणि बुद्धी यांचा काडीचा संबंध नाही, तरी नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलाचा आवाज पहिल्या वाक्यालाच खाली जातो. मग परीक्षकांना तो आत्मविश्वास नसलेला दिसतो. दहावी-बारावीच्या लेखी उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. तोंडी परीक्षेत हा आडपडदा नाही. तिथे चेहरा, कपडे आणि हेल आधी पोहोचतात, उत्तर नंतर.