साडेबारा की वीस? फर्ग्युसनमागचा दंडाचा हिशेब

ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळच्या फर्ग्युसन या गावात पोलिसाने एका कृष्णवर्णीय तरुणाला गोळ्या घातल्या. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या जोडीला नगर न्यायालयावरही राग निघाला. बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटलं. आपल्याकडे नगरपालिका न्यायाधीश नेमत नाही; मिसुरीत नेमते. सेंट लुईस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) नव्वदेक छोटी गावं, आणि तेव्हा 81 नगर न्यायालयं. न्यायाधीश बहुधा अर्धवेळ, आपली वकिली सांभाळून महिन्यातल्या ठरावीक संध्याकाळी येणारा. एका गावचा न्यायाधीश दुसऱ्या गावात सरकारी वकील, हेही चालायचं. पावती गावच्या पोलिसाने फाडायची, दंड गावच्या न्यायालयाने ठोठावायचा आणि पैसा गावच्या तिजोरीत जमा व्हायचा.

इतकी गावं झाली कशी? 1876 मध्ये सेंट लुईस शहर काउंटीपासून वेगळं झालं आणि त्याची हद्द तिथेच गोठली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर सरकलेल्या गोऱ्या वस्त्यांनी काही ठिकाणी चार-चार गल्ल्यांचीही गावं नोंदवून घेतली. जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार हाती आला, की शेजारी कोण राहणार हेही ठरवता येई. फर्ग्युसन आणि कृष्णवर्णीयांचं किनलॉक यांच्यामधला रस्ता 1960 च्या दशकातही साखळी लावून अडवलेला असे. पुढे वस्ती बदलली, पण गावांचा डोलारा आणि खर्च तसाच राहिला.

दंडावर पोट भरणाऱ्या गावांना लगाम घालण्याचा पहिला कायदा 1995 चा. महामार्गावरच्या मॅक्स क्रीक नावाच्या चिमुकल्या गावाने वेगमर्यादेच्या जोरावर इतकी वसुली केली, की कायद्याला त्याचंच नाव चिकटलं. वाहतूक दंडातून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांपर्यंतच पैसा ठेवा, वरचा शाळांना द्या, असा तो नियम. मॅक्स क्रीकचं पुढे दिवाळं निघालं. मर्यादा 35 वर आली, मग 30 वर. पण हिशेब गावांनीच द्यायचा आणि तपासणी नावापुरती, त्यामुळे फरक फारसा पडला नाही.

फर्ग्युसनचे आकडे या संदर्भात पाहावेत. 2010 च्या आर्थिक वर्षात गावाच्या 1 कोटी 10 लाख डॉलरच्या सर्वसाधारण उत्पन्नात दंड आणि शुल्काचा वाटा 13.8 लाख, म्हणजे साधारण साडेबारा टक्के. 2015 च्या अंदाजपत्रकात तोच 30.9 लाखांवर, म्हणजे 23 टक्क्यांवर नेलेला. विक्रीकर घटतोय, तेव्हा पावत्यांचा वेग वाढवावा लागेल, असं वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखाला 2010 मध्येच लिहून कळवलं होतं. आणि एवढं करूनही गाव 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे कागदोपत्री शुद्ध! केंद्रीय न्याय विभागाच्या मार्च 2015 च्या अहवालावर चर्चा झाली ती मुख्यतः वंशभेदाच्या आकड्यांची, आणि ते भयानकच होते. मला मात्र ही 23 ची ओळ जास्त बोचते.

टक्केवारीखाली माणसं कशी चिरडली जातात, त्याचा एक मासला त्याच अहवालात आहे. एका बाईने 2007 मध्ये चुकीच्या जागी गाडी लावली. दंड 151 डॉलर, वर शुल्क. पैसे नाहीत म्हणून तारीख चुकली, की गैरहजेरीचा वेगळा गुन्हा, त्याचा वेगळा दंड आणि वॉरंट. तिने 25 आणि 50 डॉलरचे हप्ते पाठवले. पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत केले. दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले. 2014 च्या अखेरीस 550 डॉलर भरून झाले होते आणि 541 बाकी होते. एकवीस हजार वस्तीच्या गावात तेव्हा सोळा हजारांहून अधिक लोकांवर वॉरंट प्रलंबित होती, त्यांतले बरेच आसपासच्या गावांतले.

सुधारणेचा रेटा खालून आला. गरिबांचे खटले चालवणाऱ्या वकिलांनी साठहून अधिक न्यायालयांत बसून टिपणं काढली होती: कुठे दार बंद, कुठे लेकरांना आत मज्जाव. ती ऑगस्ट 2014 मध्येच छापून आली. सप्टेंबरात फर्ग्युसनने गैरहजेरीचा गुन्हा रद्द केला. राज्यपालांनी नेमलेल्या नागरिकांच्या आयोगाने वर्षभर सभा घेऊन नगर न्यायालयं एकत्र करण्याची शिफारस केली.

विधिमंडळाने मात्र पुन्हा टक्केवारीच धरली. 2015 च्या कायद्याने राज्यभर 20 टक्के आणि एकट्या सेंट लुईस काउंटीत साडेबारा. हा आकडा पाच वर्षांपूर्वीच्या फर्ग्युसनच्या वाट्याशी जवळपास जुळतो (दोन्ही मोजमापं तंतोतंत एक नाहीत, तरी). म्हणजे कडक म्हणून गाजलेली मर्यादा त्या गावाला फार तर 2010 मध्ये नेऊन ठेवणार होती. त्यातही मोजायचे ते किरकोळ वाहतूक गुन्ह्यांचेच दंड. घराच्या देखभालीचे, गवताचे, अंगणाचे दंड गणतीबाहेर. काउंटीतल्याच पेजडेल या गावात हे आधीच जोरात होतं: पडदे एकमेकांशी जुळत नाहीत, जाळीला भोक आहे, पुढच्या अंगणात शेगडी लावली, अशा कारणांवरून पावत्या. तिथल्या रहिवाशांनी 2015 मध्ये दावा ठोकला, 2018 मध्ये न्यायालयीन करार झाला. ही पळवाट बुजवणारी दुरुस्ती 2016 ची.

काउंटीतल्या गावांनी साडेबाराविरुद्ध दावा लावला: बाकी राज्याला वीस आणि आम्हालाच का वेगळं? त्यांतल्या काहींचा कारभार आता कृष्णवर्णीयांच्या हाती होता, त्यामुळे त्यांचा सल पोकळ नव्हता. 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका काउंटीपुरता केलेला कायदा घटनेत बसत नाही म्हणून साडेबारा रद्द केले. उरले वीस. घटनेच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे; पण बाकी राज्यालाही साडेबारा लावायला विधिमंडळाला कोणी अडवलं नव्हतं.

फर्ग्युसनपुरतं पाहिलं तर फेब्रुवारी 2016 मध्ये नगर परिषदेने पोलीस आणि न्यायालय सुधारण्याबाबत केंद्राशी ठरलेल्या करारात खर्चाच्या धास्तीने सात बदल सुचवले, दुसऱ्याच दिवशी केंद्राने खटला भरला, आणि मार्चमध्ये परिषदेने मूळ मसुदा मान्य केला. एप्रिलमध्ये त्यावर न्यायालयाची मोहोर उमटली. त्याच महिन्यात मतदारांनी विक्रीकर वाढवायला होकार दिला, मालमत्ता कराला नकार. करारात पोलीस धोरणावर रहिवाशांच्या समितीची तरतूद आहे. दंड न भरल्याबद्दल कोठडीत गेलेल्यांचा सामूहिक दावा 2024 मध्ये 45 लाख डॉलरवर मिटला. शेजारच्या जेनिंग्जने तसाच दावा 2016 मध्येच मिटवला होता. काही गावांनी पोलीस दल एकत्र केलं, काहींनी न्यायालयं जोडून घेतली. काउंटीसाठी एकच नगर न्यायालय, ही आयोगाच्या शिफारशीमागची कल्पना मात्र कायद्यात आलेली नाही.