डेन्व्हर ब्रॉन्कोजचा २०२२ चा हंगाम

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल, अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघाने नॅथॅनिएल हॅकेट या नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळलेला हंगाम. १७ सामन्यांत ५ विजय व १२ पराभव अशी कामगिरी झाली आणि हंगाम संपण्याआधीच हॅकेट यांना काढून टाकण्यात आले. संघ दुबळा असता तर या हंगामाची फारशी आठवण कुणी ठेवली नसती. पण सुरुवातीला डेन्व्हरची गणना दावेदारांत होत होती.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पन्नासावा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकल्यानंतर ब्रॉन्कोजना एकदाही बाद फेरी गाठता आली नव्हती. २०२१ मध्ये ७-१० अशी कामगिरी झाल्यावर प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांना निरोप दिला गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या आक्रमणाचे समन्वयक असलेल्या हॅकेट यांची निवड झाली. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना अनुभव नव्हता. मार्चमध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सकडून क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) रसेल विल्सन आला. याच विल्सनच्या सिअ‍ॅटलने २०१४ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३-८ असे धुतले होते. त्याच्या बदल्यात डेन्व्हरने तीन खेळाडू आणि नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन व पाचव्या फेरीचा एक असे हक्क देऊन टाकले. ऑगस्टमध्ये वॉल्टन-पेनर कुटुंबाच्या गटाने ४६५ कोटी डॉलरला संघ विकत घेतला, आणि विल्सनने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्याआधी त्याचा करार सुमारे २४.५ कोटी डॉलर देऊन पाच वर्षांनी वाढवला गेला.

पहिलाच सामना १२ सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये होता. डेन्व्हरने दोन वेळा अगदी गोलरेषेजवळ चेंडू हातचा घालवला, तरी शेवटच्या मिनिटाला संघ १६-१७ असा एकाच गुणाने मागे होता. चौथी म्हणजे अखेरची संधी, चेंडू हाती राखायला हवे होते ५ यार्ड, घड्याळ थांबवण्याचे तिन्ही टाइमआउट शिल्लक. विल्सनला मैदानावर ठेवून हे ५ यार्ड मिळवू पाहणे हा सरळ मार्ग होता. हॅकेट यांनी मात्र घड्याळ चालू दिले, २० सेकंद उरल्यावर टाइमआउट घेतला आणि ब्रँडन मॅकमॅनसला ६४ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारायचा तीन गुणांचा गोल) मारायला पाठवले. त्या वेळचा लीगचा विक्रम ६६ यार्डांचा होता. चेंडू खांबांच्या डावीकडून गेला. प्रतिस्पर्ध्यांच्या ४६ यार्डांच्या रेषेपर्यंत पोचलो तर लाथ मारायची, असे आधीच ठरले होते, असा खुलासा हॅकेट यांनी केला. दुसऱ्या दिवशी चूक कबूलही केली. ठरवलेली रेषा आली म्हणून समोरची परिस्थितीच न पाहणे, हा दोष त्या रात्रीपुरता नव्हता.

पुढच्या आठवड्यात घरच्या मैदानावर ह्यूस्टनला १६-९ असे हरवताना चाल वेळेत सुरू होत नसल्याने प्रेक्षकच त्यासाठी उरलेले सेकंद मोठमोठ्याने उलटे मोजू लागले. विजयी संघाची अशी थट्टा क्वचितच झाली असेल. त्यानंतर सामन्यातील निर्णयांत मदत व्हावी म्हणून निवृत्त प्रशिक्षक जेरी रॉसबर्ग यांना बोलावण्यात आले. चाली ठरवणे, घड्याळ सांभाळणे आणि सबंध संघ चालवणे ही तीन कामे हॅकेट यांना एकत्र झेपत नव्हती, हे तिसऱ्या आठवड्यापूर्वीच उघड झाले होते.

६ ऑक्टोबरला इंडियानापोलिसकडून ९-१२ असा पराभव झाला. जादा वेळेपर्यंत लांबलेल्या या सामन्यात दोन्ही संघांना एकही टचडाउन (गोलरेषेपार चेंडू नेऊन मिळणारे सहा गुण) करता आला नाही, आणि जादा वेळ सुरू होण्याआधीच बरेच प्रेक्षक घरी निघाले. शेवटी १ यार्ड हवा असताना विल्सनचा पास अडवला गेला; पास झेलणारा के. जे. हॅमलर दुसरीकडे मोकळा उभा होता.

बचावफळीवर मात्र या अपयशाचे खापर फोडता येत नाही. इजिरो एव्हेरो यांच्या मार्गदर्शनाखाली ती बराच काळ लीगमधल्या चांगल्या फळ्यांत मोडत होती. १२ पैकी ९ पराभव ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झाले. आक्रमणाने सबंध हंगामात २८७ गुण केले, लीगमध्ये सर्वांत कमी. विल्सनचे टचडाउन पास १६ आणि तो स्वतः ५५ वेळा चेंडूसकट पाडला गेला. टिम पॅट्रिक, जाव्हॉन्टे विल्यम्स, गॅरेट बोल्स असे महत्त्वाचे खेळाडू जायबंदी झाले, हेही खरे. पण सुरुवातीचा गोंधळ त्याने समजावता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये बचावपटू ब्रॅडली चब मायामीला दिला गेला आणि चाली ठरवण्याचे काम सहायक प्रशिक्षक क्लिंट कुबियाक यांच्याकडे गेले. फरक पडला नाही. कॅरोलायनाविरुद्ध बचावपटू माइक पर्सेल मैदानाच्या कडेला विल्सनवर ओरडताना साऱ्या देशाने पाहिला. नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिस रॅम्सने ५१-१४ असा फडशा पाडला आणि दुसऱ्या दिवशी, ४-११ अशा स्थितीत, हॅकेट यांना काढले. पहिल्याच हंगामात मध्येच गेलेल्या प्रशिक्षकांची यादी छोटी आहे. २००७ मधील बॉबी पेट्रिनो आणि २०२१ मधील अर्बन मेयर ही त्यातली अलीकडची नावे. एव्हेरो यांनी तात्पुरते मुख्य प्रशिक्षकपद नाकारल्यावर उरलेले दोन सामने रॉसबर्ग यांनी सांभाळले. त्यांत एक हार, एक जीत झाली.

२०२३ साठी न्यू ऑर्लिन्सचे माजी प्रशिक्षक शॉन पेटन यांना आणताना न्यू ऑर्लिन्सला पुन्हा पहिल्या फेरीचा हक्क द्यावा लागला. पेटन यांनी हॅकेट यांच्या कामाची गणना लीगच्या इतिहासातील सर्वांत वाईट कामगिऱ्यांत केली. हॅकेट तेव्हा न्यूयॉर्क जेट्सच्या आक्रमणाचे समन्वयक होते, आणि त्या ऑक्टोबरमध्ये जेट्सने डेन्व्हरमध्ये येऊन ३१-२१ असा विजय मिळवला. मार्च २०२४ मध्ये विल्सनलाही मुक्त केले गेले. त्यापोटी संघाच्या वेतनमर्यादेवर (खेळाडूंच्या पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेवर) सुमारे ८.५ कोटी डॉलरचा भार पडला. सिअ‍ॅटलने मात्र विल्सनशिवाय २०२२ मध्ये क्वार्टरबॅक जीनो स्मिथला घेऊन बाद फेरी गाठली, आणि डेन्व्हरच्या पडझडीमुळे नवोदितांच्या निवडीत हाती आलेल्या पाचव्या क्रमांकावर पुढच्या वर्षी बचावपटू डेव्हन विदरस्पूनला निवडले.